राखीव सेफ्टी जेव्हा लाइनबॅकर होतो

अमेरिकन फुटबॉल हा नावापुरताच ‘फुटबॉल’ आहे. या खेळात चेंडू पायाने क्वचितच मारला जातो. तो हातात धरून धावत किंवा फेकून पुढे न्यायचा असतो. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार चालींत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते जमले नाही, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. हे घडू न देणे हे आक्रमक फळीचे काम, तर घडवून आणणे हे बचावफळीचे. याच बचावफळीतील एक बदल गेल्या काही वर्षांत व्यावसायिक संघांच्या अंगवळणी पडला आहे. तो म्हणजे मागच्या रांगेतील राखीव ‘सेफ्टी’ला पुढे आणून ‘लाइनबॅकर’च्या जागेवर उभे करणे.

दोन जागांतील अंतर

बचावफळीच्या ढोबळमानाने तीन रांगा असतात. सर्वांत पुढे प्रतिस्पर्ध्याच्या धिप्पाड खेळाडूंशी थेट भिडणारी पहिली रांग. तिच्या मागे चार-पाच यार्डांवर लाइनबॅकर आणि सर्वांत मागे कॉर्नरबॅक व सेफ्टी. सेफ्टी साधारणतः १० ते १५ यार्ड मागे उभा असतो. संपूर्ण चाल त्याच्या डोळ्यांसमोर उलगडते. चेंडू कोठे जातो आहे, हे पाहून धाव घेण्यास त्याला क्षणभराची उसंत मिळते. लांब पास अडवणे आणि पुढच्या दोन रांगांना चकवून निसटलेल्या खेळाडूला खाली पाडणे, ही त्याची मुख्य जबाबदारी.

लाइनबॅकरला ही उसंत नसते. चेंडू हलताच समोरची चाल धावण्याची आहे की पासची, हे त्याला समोरच्या खेळाडूंच्या पहिल्या पावलावरून ओळखावे लागते. धावण्याची असेल, तर नेमून दिलेल्या फटीत शिरून ती बुजवावी लागते आणि त्याच वेळी अंगावर येणाऱ्या सुमारे १४० किलो वजनाच्या खेळाडूला तोंड द्यावे लागते. पासची असेल, तर लगेच मागे सरकून टाइट एंड किंवा रनिंग बॅकवर पहारा ठेवावा लागतो. क्वार्टरबॅक धावण्याचा आभास निर्माण करून पास फेकतो, तेव्हा सर्वांत आधी फसतो तो लाइनबॅकरच. जुन्या पठडीतील लाइनबॅकरचे वजन ११० किलोच्या आसपास असे, तर सेफ्टी ९० ते ९७ किलोंचा. जागेतील अंतर अवघ्या दहा यार्डांचे असले, तरी कामातील अंतर त्याहून कितीतरी मोठे आहे.

ही गरज का निर्माण झाली?

या बदलाचे मूळ नियमांत आहे. १९७८ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगने (एनएफएल) पास झेलणाऱ्या खेळाडूला पाच यार्डांच्या पलीकडे अडवण्यावर बंदी घातली. २००४ मध्ये या नियमाची अंमलबजावणी अधिक कडक झाली. साहजिकच पासचा खेळ वाढला. तीन-तीन वेगवान रिसीव्हर उतरवणे ही आक्रमणाची नित्याची रचना बनली. त्याला उत्तर म्हणून बचावफळीने एक लाइनबॅकर कमी करून मागच्या रांगेत पाचवा खेळाडू आणला. ‘निकेल’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना पूर्वी प्रसंगानुरूप वापरली जाई. आज निम्म्याहून अधिक चालींत तीच दिसते. मैदानावर उरलेल्या दोन लाइनबॅकरांना धावता आणि झेल रोखता आलेच पाहिजेत, ही अपेक्षा त्यातूनच आली.

दुसरे कारण संख्येचे. संघात ५३ खेळाडू असतात, पण सामन्याच्या दिवशी त्यांतील ४८ जणांनाच उतरवता येते. २०१९ पर्यंत ही मर्यादा ४६ होती. आक्रमण आणि बचावाचे २२ जण, तसेच किक मारणारे व तत्सम विशेष खेळाडू वगळले, तर राखीव जागा मोजक्याच उरतात. शिवाय राखीव खेळाडूला किकऑफ आणि पंटच्या वेळी उतरणाऱ्या ‘स्पेशल टीम’मध्येही राबावे लागते. दोन जागा सांभाळू शकणारा आणि या कामातही उपयोगी पडणारा चपळ सेफ्टी अशा वेळी प्रशिक्षकाला सोयीचा वाटतो. एखादा लाइनबॅकर जायबंदी झाला, तर बाहेरून अनोळखी खेळाडू आणण्याऐवजी संघाचे संकेत आणि डावपेच जाणणारा माणूस हाताशी असतो.

यशाची उदाहरणे

ब्रायन अर्लाकर हे या वाटेवरील सर्वांत ठळक नाव. न्यू मेक्सिको विद्यापीठात तो सेफ्टी आणि लाइनबॅकर यांच्या मधल्या भूमिकेत खेळे. शिकागो बेअर्सने २००० मध्ये नवव्या क्रमांकावर निवडून त्याला लाइनबॅकर केले. २००५ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २०१८ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला. मात्र सुमारे ११७ किलोंचा अर्लाकर देहयष्टीने मुळातच लाइनबॅकर होता. जॉर्जिया विद्यापीठाचा सेफ्टी थॉमस डेव्हिस याला कॅरोलिना पँथर्सने २००५ मध्ये निवडले आणि पुढच्याच वर्षी लाइनबॅकरच्या जागी स्थिर केले. २००९ ते २०११ या काळात एकाच गुडघ्याचा अस्थिबंध तीनदा तुटूनही तो परतला. फेब्रुवारी २०१६ च्या सुपर बोलमध्ये तर दोनच आठवड्यांपूर्वी मोडलेला हात घेऊन तो उतरला.

गरजेतून झालेला बदल पाहायचा, तर मार्क बॅरनचे उदाहरण अधिक बोलके आहे. टॅम्पा बे बकनिअर्सने २०१२ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडलेला हा सेफ्टी अपेक्षेला उतरला नाही, म्हणून २०१४ मध्ये सेंट लुईस रॅम्सकडे धाडण्यात आला. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये रॅम्सचा लाइनबॅकर अ‍ॅलेक ओगलट्री याचा पाय मोडला आणि सुमारे ९६ किलोंचा बॅरन त्याच्या जागी उभा राहिला. त्या हंगामात त्याने शंभरहून अधिक टॅकल केले. २०१६ च्या मार्चमध्ये रॅम्सने त्याच्याशी पाच वर्षांचा साडेचार कोटी डॉलरचा करार केला. सेफ्टी म्हणून हातची निघून चाललेली कारकीर्द लाइनबॅकर म्हणून सावरली.

राखीव फळी बळकट करण्याचा योजनाबद्ध प्रयत्न न्यूयॉर्क जेट्सने केला. २०२१ च्या निवड प्रक्रियेत पाचव्या फेरीत ऑबर्न विद्यापीठाचा जेमियन शेरवुड आणि सहाव्या फेरीत फ्लोरिडा स्टेटचा हॅम्सा नसिरिल्दीन, असे दोन सेफ्टी घेऊन दोघांनाही लाइनबॅकर बनवण्यात आले. नसिरिल्दीन संघात टिकला नाही. शेरवुडची टाच पहिल्याच हंगामात जायबंदी झाली. त्यानंतरची दोन वर्षे त्याने प्रामुख्याने राखीव खेळाडू आणि स्पेशल टीममधील शिलेदार म्हणून काढली. २०२४ मध्ये अनुभवी सी. जे. मोझली दुखापतीमुळे बाहेर गेला, तेव्हा त्याला नियमित जागा मिळाली. २०२५ मध्ये जेट्सने त्याला तीन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलरचा करार दिला. एकाच वर्षी, एकाच संघात, एकाच योजनेतून गेलेल्या या दोघांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या.

जोखीम कोणाची?

या बदलाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. हलका लाइनबॅकर दिसताच प्रतिस्पर्धी दोन टाइट एंड उतरवतो आणि त्याच्याच दिशेने धावण्याच्या चाली रचतो. पुढच्या रांगेतील भक्कम खेळाडूंनी समोरचे धिप्पाड खेळाडू रोखून धरले नाहीत, तर ९५ किलोंच्या खेळाडूचा तेथे निभाव लागत नाही. सामन्यागणिक होणाऱ्या या धडकांची किंमत त्याचे शरीर मोजते. वजन वाढवावे, तर ज्या वेगासाठी त्याला पुढे आणले, तोच कमी होण्याचा धोका असतो.

खेळाडूचे स्थान प्रशिक्षकाच्या विचारावरही अवलंबून राहते. अ‍ॅरिझोना कार्डिनल्सने २०१४ मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला सेफ्टी डिओन बुकॅनन याला निलंबित डॅरिल वॉशिंग्टनच्या जागी पुढे आणले. ‘मनीबॅकर’ या नावाने त्याची भूमिका गाजली. पण २०१८ मध्ये नवे प्रशिक्षक आणि नवी रचना आली व त्याची नियमित जागा गेली. त्याच संघाने २०२० मध्ये आठव्या क्रमांकावर निवडलेला आयझेया सिमन्स आधी लाइनबॅकर, मग सेफ्टी असा फिरत राहिला आणि २०२३ मध्ये सातव्या फेरीतील एका निवडीच्या मोबदल्यात न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. अनेक जागा खेळता येणे हा त्याचा गुण होता. त्याच गुणापायी त्याला एकही जागा आपली म्हणता आली नाही.

या उदाहरणांतून एक सूत्र स्पष्ट होते. केवळ यादीतील रकाना बदलून सेफ्टी लाइनबॅकर होत नाही. त्याला पास रोखण्याची कामे अधिक द्यावी लागतात, त्याच्यापुढे भक्कम रांग उभी करावी लागते आणि समोरची चाल वाचायला शिकण्यासाठी एक-दोन हंगामांचा अवधी द्यावा लागतो. हे झाले, तर संघाला दुखापतीच्या दिवशी उपयोगी पडणारा माणूस मिळतो आणि राखीव खेळाडूला दुसरी कारकीर्द. हे न करता केलेला बदल मात्र संघाची उणीव जेमतेम काही आठवडे झाकतो आणि त्याचा भार त्या एका खेळाडूच्या खांद्यांवर पडतो.