कार्बन नॅनोनलिका-प्रबलित बहुवारिकांच्या यांत्रिक वर्तनाचे प्रतिमानीकरण

कार्बन नॅनोनलिका-प्रबलित बहुवारिक हा एक संमिश्र पदार्थ आहे. इपॉक्सी, पॉलिस्टायरीन, पॉलिइमाइड यांसारख्या बहुवारिकात, म्हणजेच पॉलिमरमध्ये, कार्बन नॅनोनलिका (कार्बन नॅनोट्यूब) मिसळून तो तयार करतात. भार दिल्यावर हा पदार्थ किती ताणला जाईल, किती प्रतिबल सहन करील आणि कोठून तुटेल, याचा अंदाज गणिती सूत्रे व संगणकीय आकडेमोड यांच्या आधारे बांधण्याच्या प्रक्रियेला त्याच्या यांत्रिक वर्तनाचे प्रतिमानीकरण म्हणतात. एका नलिकेचा यंग गुणांक सुमारे १,००० गिगापास्कल, तर इपॉक्सीचा सुमारे ३ गिगापास्कल असतो. त्यामुळे अत्यल्प प्रमाणात नलिका घातल्या तरी ताठरता अनेक पटींनी वाढावी, असे साध्या गणितावरून दिसते. प्रत्यक्ष चाचण्यांत मिळणारी वाढ बहुधा त्याहून पुष्कळ कमी असते. या दोहोंतील तफावतीची कारणे शोधून ती सूत्रांत बसवणे हा या विषयाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इइजिमा यांनी १९९१ मध्ये बहुभित्ती कार्बन नॅनोनलिकांचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर या पदार्थाकडे जगभरातील संशोधकांचे लक्ष वेधले गेले. एकभित्ती नलिकांचा शोध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुवारिक रेझिनमध्ये नलिका मिसळून बनवलेल्या संमिश्रावरील पुलिकल अजयन व सहकाऱ्यांचे काम १९९४ मध्ये प्रकाशित झाले.

नलिकांची ताठरता प्रथम अप्रत्यक्ष पद्धतींनी मोजली गेली. १९९६ मध्ये ट्रेसी, एबेसेन व गिब्सन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांच्या मोकळ्या टोकांची औष्णिक कंपने मोजून सरासरी १,८०० गिगापास्कल हा यंग गुणांक काढला. मात्र निरनिराळ्या नलिकांच्या मूल्यांत मोठी तफावत होती. १९९७ मध्ये वाँग, शीहान व लीबर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाने नलिका वाकवून सुमारे १,२८० गिगापास्कल हे मूल्य मिळवले. २००० मध्ये मिन-फेंग यू व सहकाऱ्यांनी बहुभित्ती नलिका प्रत्यक्ष ताणून तोडल्या. त्यांत बाहेरच्या भित्तीचे ताणसामर्थ्य ११ ते ६३ गिगापास्कल आणि यंग गुणांक २७० ते ९५० गिगापास्कल आढळला. बाहेरची भित्ती तुटल्यावर आतील भित्ती म्यानातून तलवार निघावी तशा सरकून बाहेर येत. भित्तींमधील हा दुबळा बंध प्रतिमानांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला.

भित्तीच्या जाडीचा प्रश्न

नलिकेची भित्ती कार्बन अणूंच्या एकाच थराची असल्याने तिची जाडी ही मोजण्याची नव्हे, तर ठरवण्याची बाब आहे. ग्रॅफाइटमधील दोन थरांतील ०.३४ नॅनोमीटर हे अंतर भित्तीची जाडी म्हणून धरण्याचा प्रघात आहे. याउलट बोरिस याकोबसन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नलिकेला पातळ कवच मानून केलेल्या विश्लेषणात जाडी ०.०६६ नॅनोमीटर व यंग गुणांक ५,५०० गिगापास्कल निघाला. दोन्ही मूल्ये परस्परविरोधी वाटली, तरी जाडी व गुणांक यांचा गुणाकार दोन्ही बाबतींत जवळपास सारखाच येतो. त्यामुळे एका अभ्यासातील जाडी आणि दुसऱ्या अभ्यासातील गुणांक एकत्र वापरल्यास उत्तर अनेक पटींनी चुकते.

सूक्ष्मयामिकीय प्रतिमाने

या प्रतिमानांत नलिका व आधारद्रव्य (ज्यात नलिका विखुरलेल्या असतात ते बहुवारिक) ही दोन्ही अखंड माध्यमे मानली जातात.

मिश्रण नियम: नलिका व आधारद्रव्य यांची विकृती समान मानल्यास संमिश्राचा गुणांक पुढीलप्रमाणे मिळतो:

संमिश्राचा गुणांक = (नलिकांचा घनफळ-अंश × नलिकांचा गुणांक) + (आधारद्रव्याचा घनफळ-अंश × आधारद्रव्याचा गुणांक)

ही १८८९ मध्ये फॉइग्ट यांनी मांडलेल्या कल्पनेवर आधारित वरची मर्यादा होय. विकृतीऐवजी प्रतिबल समान मानल्यास रॉइस यांची (१९२९) खालची मर्यादा मिळते. वास्तव मूल्य या दोन मर्यादांमध्ये असते. परंतु नलिका आधारद्रव्याहून शेकडो पट ताठर असल्याने या मर्यादांमधील अंतर फार मोठे पडते.

कर्तन-विलंब प्रतिमान: एच. एल. कॉक्स यांनी १९५२ मध्ये कागदासारख्या तंतुमय पदार्थांसाठी हे प्रतिमान मांडले. आधारद्रव्यातील भार कर्तन प्रतिबलाच्या रूपाने तंतूच्या पृष्ठभागातून आत शिरतो. तंतूच्या टोकांशी तो शून्य असतो व मध्याकडे वाढत जातो. म्हणून आखूड तंतू आपल्या पूर्ण ताठरतेचा उपयोग करू शकत नाही. ही घट लांबी-गुणकाने दर्शवतात.

दिशा-गुणक: क्रेंचेल यांनी १९६४ मध्ये तंतूंच्या दिशांचा परिणाम एका गुणकात मांडला. सर्व तंतू भाराच्या दिशेत असल्यास त्याचे मूल्य १, एका प्रतलात यादृच्छिक पसरलेले असल्यास ३/८ आणि तिन्ही मितींत यादृच्छिक असल्यास १/५ असते.

हाल्पिन-त्साई समीकरणे: ही अर्ध-अनुभवजन्य समीकरणे असून त्यांत लांबी-व्यास गुणोत्तर थेट येते. वापरण्यास सोपी असल्याने प्रायोगिक लेखांत ती वारंवार आढळतात.

मोरी-तानाका पद्धत: जॉन एशेल्बी यांनी १९५७ मध्ये अनंत माध्यमात रुतलेल्या लंबगोलाकार घटकातील प्रतिबलाचे उत्तर काढले. १९७३ मध्ये मोरी व तानाका यांनी अनेक घटकांचा एकमेकांवरील सरासरी परिणाम त्यात समाविष्ट करण्याचा मार्ग दाखवला. नलिका विषमदैशिक असल्या किंवा विविध दिशांना पसरलेल्या असल्या तरी ही पद्धत वापरता येते.

संख्यात्मक उदाहरण

इपॉक्सीचा यंग गुणांक ३ गिगापास्कल व कर्तन गुणांक १.१ गिगापास्कल, नलिकेचा यंग गुणांक १,००० गिगापास्कल, बाह्य व्यास १० नॅनोमीटर, लांबी १ मायक्रोमीटर आणि नलिकांचा घनफळ-अंश १ टक्का मानू. घनफळ मोजताना नलिका भरीव दंडगोल धरली आहे. प्रत्येक नलिकेभोवतीच्या आधारद्रव्याच्या दंडगोलाची त्रिज्या नलिकेच्या त्रिज्येच्या १० पट घेतली आहे. गृहीतके एकेक करून वास्तवाजवळ नेल्यास संमिश्राचा गुणांक असा बदलतो:

• सर्व नलिका सरळ, अतिशय लांब व भाराच्या दिशेत: १३.० गिगापास्कल
• नलिका तिन्ही मितींत यादृच्छिक (गुणक १/५): ५.० गिगापास्कल
• शिवाय नलिकांची लांबी मर्यादित (लांबी-गुणक सुमारे ०.६८): ४.३ गिगापास्कल
• शिवाय भार केवळ बाहेरच्या भित्तीवर: ३.२ गिगापास्कल
• तुलनेसाठी, समान प्रतिबलाची खालची मर्यादा: ३.०३ गिगापास्कल

शेवटून दुसऱ्या पायरीमागील तर्क एरिक थोस्टेन्सन व त्सू-वेई चू यांनी २००३ मध्ये मांडला. आतील भित्ती बाहेरच्या भित्तीशी केवळ दुबळ्या व्हॅन डर वाल्स बलांनी जोडलेल्या असल्याने बाहेरून आलेला भार प्रामुख्याने बाहेरचीच भित्ती पेलते. तिचा भार संपूर्ण वर्तुळाकार छेदावर वाटल्यास नलिकेचा परिणामी गुणांक मूळ गुणांकाच्या (४ × भित्तीची जाडी ÷ व्यास) इतका होतो. वरील उदाहरणात तो १,००० ऐवजी केवळ १३६ गिगापास्कल भरतो. याचाच अर्थ, जाड बहुभित्ती नलिकांपेक्षा बारीक नलिका समान घनफळात अधिक परिणामकारक ठरतात, मात्र त्या वेगळ्या होऊन नीट विखुरल्या तरच.

या उदाहरणात नलिका सदोष आहे असे कोठेही गृहीत धरलेले नाही. ताठरतेतील वाढ १० गिगापास्कलवरून ०.२ गिगापास्कलवर येते ती निव्वळ दिशा, लांबी आणि भित्तींमधील भारवहन यांमुळे.

आंतरपृष्ठ व भारसंक्रमण

नलिका व बहुवारिक यांच्यातील बंध दोन प्रकारचे असू शकतात. काहीही प्रक्रिया न केलेल्या नलिकेभोवती फक्त व्हॅन डर वाल्स आकर्षण असते आणि आंतरपृष्ठाचे कर्तन सामर्थ्य कमी राहते. नलिकेच्या पृष्ठभागावर रासायनिक गट जोडून बहुवारिकाशी सहसंयुज बंध निर्माण केल्यास ते वाढते. फ्रँकलंड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये केलेल्या सदृशीकरणात नलिकेतील एक टक्क्याहूनही कमी कार्बन अणूंना असे बंध जोडल्यावर कर्तन सामर्थ्य दहा पटींहून अधिक वाढलेले दिसले. मात्र प्रत्येक बंधाच्या ठिकाणी नलिकेची षट्कोनी जाळी विस्कळीत होते; त्यामुळे बंध फार वाढवल्यास नलिकेचे स्वतःचे सामर्थ्य घटते.

सामर्थ्याच्या दृष्टीने केली व टायसन यांची (१९६५) क्रांतिक लांबीची संकल्पना उपयोगी पडते. क्रांतिक लांबी ही (नलिकेचे सामर्थ्य × व्यास) भागिले (२ × आंतरपृष्ठाचे कर्तन सामर्थ्य) इतकी असते. सामर्थ्य ३० गिगापास्कल, व्यास १० नॅनोमीटर व कर्तन सामर्थ्य ५० मेगापास्कल असल्यास ती ३ मायक्रोमीटर येते. कर्तन सामर्थ्य ५ मेगापास्कलपर्यंत घसरल्यास ३० मायक्रोमीटर होते. नलिका याहून आखूड असेल तर ती तुटण्याऐवजी आधारद्रव्यातून उपसली जाते आणि तिचे मूळ सामर्थ्य वाया जाते. उपसल्या जाताना होणाऱ्या घर्षणात ऊर्जा खर्ची पडत असल्याने पदार्थाचा चिवटपणा मात्र वाढू शकतो.

नलिकेलगतच्या बहुवारिकाच्या साखळ्यांची हालचाल मर्यादित होऊन तेथे वेगळ्या गुणधर्मांचा थर तयार होऊ शकतो. ५ नॅनोमीटर त्रिज्येच्या नलिकेभोवती ५ नॅनोमीटर जाडीचा थर धरल्यास त्याचे घनफळ नलिकेच्या तिप्पट भरते. ७ मायक्रोमीटर व्यासाच्या नेहमीच्या कार्बन तंतूभोवती तेवढाच थर तंतूच्या घनफळाच्या सुमारे ०.३ टक्के असतो. म्हणूनच सामान्य तंतुमय संमिश्रांत दुर्लक्षिता येणारा हा थर नॅनोसंमिश्रांत तिसरा घटक म्हणून विचारात घ्यावा लागतो.

वक्रता व गुठळ्या

नलिका अतिशय बारीक व लांब असल्याने बहुवारिकात त्या क्वचितच सरळ राहतात. नागमोडी नलिका ओढली असता आधी सरळ होऊ पाहते व मग ताणली जाते. त्यामुळे तिची परिणामी ताठरता कमी होते. फिशर, ब्रॅडशॉ व ब्रिन्सन यांनी २००२ मध्ये सांत घटक पद्धतीने या वक्रतेचा परिणाम काढून तो सूक्ष्मयामिकीय सूत्रांत समाविष्ट केला.

नलिका परस्परांतील आकर्षणामुळे जुड्या व गुठळ्याही बनवतात. शी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यासाठी दोन चले वापरली: गुठळ्यांनी व्यापलेला घनफळाचा भाग आणि गुठळ्यांत अडकलेला नलिकांचा भाग. दोन्ही समान असल्यास विखुरणे एकसारखे असते. दुसरे चल पहिल्यापेक्षा जितके मोठे तितकी ताठरता घटते. नलिकांचे प्रमाण वाढवूनही गुणांक पुरेसा का वाढत नाही, याचे एक स्पष्टीकरण यातून मिळते.

अणुपातळीवरील व बहुप्रमाण पद्धती

रेणवीय गतिकी पद्धतीत प्रत्येक अणूची हालचाल न्यूटनच्या नियमांनुसार काढली जाते. कार्बन अणूंमधील आंतरक्रियेसाठी टेर्सॉफ (१९८८) व ब्रेनर (१९९०) यांची स्थितिज ऊर्जेची सूत्रे प्रसिद्ध आहेत. आंतरपृष्ठावरील घडामोडी समजण्यास ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु काळाची पायरी सुमारे एक फेम्टोसेकंद असल्याने सदृशीकरणातील ताण प्रयोगशाळेतील चाचणीपेक्षा अब्जावधी पटींनी जलद द्यावा लागतो. बहुवारिकाचे वर्तन वेगावर अवलंबून असल्यामुळे अशा निष्कर्षांची चाचणीशी थेट तुलना करता येत नाही.

चुनयू ली व त्सू-वेई चू यांनी २००३ मध्ये नलिकेतील प्रत्येक बंधाला तुळईप्रमाणे मानून नलिकेचे विश्लेषण इमारतीच्या सांगाड्यासारखे केले. ग्रेगरी ओडेगार्ड व नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रातील सहकाऱ्यांनी नलिका व तिच्यालगतचे बहुवारिक मिळून एक सममूल्य अखंड तंतू मानला. त्याचे गुणधर्म रेणवीय पातळीवर ठरवून पुढे ते सूक्ष्मयामिकीय सूत्रांत वापरले. लहान प्रमाणावरील उत्तर मोठ्या प्रमाणावरील प्रतिमानाला पुरवण्याच्या अशा पद्धतींना बहुप्रमाण प्रतिमानीकरण म्हणतात. सांत घटक पद्धतीत एक किंवा अनेक नलिका असलेला प्रातिनिधिक घनफळ-घटक निवडून त्याच्या सीमांवर भार देतात. हा घटक पुरेसा मोठा नसल्यास उत्तर संपूर्ण पदार्थाचे प्रतिनिधित्व करत नाही.

प्रयोगांशी पडताळणी

१९९८ मध्ये शॅडलर, जियानारिस व अजयन यांनी वजनाने ५ टक्के बहुभित्ती नलिका असलेल्या इपॉक्सीची चाचणी घेतली. ताणाखाली गुणांक ३.१ वरून ३.७१ गिगापास्कल, तर दाबाखाली ३.६३ वरून ४.५ गिगापास्कल झाला. रामन वर्णपटावरून, ताणाखाली आतील भित्तींपर्यंत भार पुरेसा पोहोचत नसल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. २००० मध्ये चियान व सहकाऱ्यांना पॉलिस्टायरीनमध्ये वजनाने केवळ १ टक्का नलिका मिसळून गुणांकात ३६ ते ४२ टक्के आणि भंग प्रतिबलात सुमारे २५ टक्के वाढ आढळली. कमी नलिका असूनही दुसऱ्या प्रयोगात सापेक्ष वाढ जास्त आहे. नलिकांचे प्रमाण हा एकच आकडा प्रतिमानाला पुरेसा नसतो, हे यावरून स्पष्ट होते. आधारद्रव्य, विखुरणे, लांबी व आंतरपृष्ठ यांची माहितीही आवश्यक ठरते.

मर्यादा

दिशा, लांबी, वक्रता, गुठळ्या व आंतरपृष्ठ या सर्वांसाठी सुधारणा-गुणक उपलब्ध असल्याने प्रयोगातील एकाच आकड्याशी जुळणारी अनेक संयोजने निवडता येतात. त्यामुळे केवळ आकडा जुळणे हा प्रतिमान बरोबर असल्याचा पुरावा ठरत नाही. हे गुणक सूक्ष्मदर्शक, रामन वर्णपट यांसारख्या स्वतंत्र मोजमापांतून ठरवावे लागतात. रेषीय स्थितिस्थापक प्रतिमाने लहान विकृतीपुरतीच लागू पडतात. बहुवारिके श्यान-स्थितिस्थापक असून काच-संक्रमण तापमानाच्या आसपास त्यांची ताठरता झपाट्याने घटते, त्यामुळे दीर्घकाळ भार पेलणाऱ्या भागांसाठी काळ व तापमान यांचाही विचार करावा लागतो. भंग व थकवा हे स्थानिक दोषांवर अवलंबून असतात. सरासरी मूल्यांवर आधारलेल्या सूत्रांनी ताठरतेचा अंदाज जितका विश्वासार्हपणे बांधता येतो, तितका सामर्थ्याचा बांधता येत नाही.