ओव्हरड्राइव्ह केव्हा वापरावा?
स्वयंचलित गिअरच्या मोटारीत इंजिनाच्या एका फेऱ्यात चाकांकडे जाणारा दांडा एकाहून अधिक फेरे घेतो, असा वरचा गिअर म्हणजे ओव्हरड्राइव्ह. जालना जिल्ह्यातील समृद्धी महामार्गासारख्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर तो चालू ठेवावा. तेथे मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. एकसारख्या वेगात इंजिनाचे फेरे कमी राहून इंधन वाचते.

जालन्याहून चाळीसगावकडे जाताना कन्नडच्या घाटात मात्र ओव्हरड्राइव्ह बंद करावा; तेव्हा ‘ओ/डी ऑफ’ दिवा लागतो. चढणीवर गिअरची वारंवार होणारी अदलाबदल त्यामुळे थांबते. उतारावर इंजिनच वेग आवरते. अन्यथा सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. बटण नसलेल्या मोटारीत खालचा गिअर निवडावा.