टेबलापाशी बसलेली बाई : मादाम बिन्ह

सभेत कोण खुर्चीवर बसतं आणि कोण दाराशी, यावरून कोणाचं ऐकलं जाणार हे आपल्याला आधीच कळतं. १९६८ साली पॅरिसमध्ये हेच भांडण कित्येक आठवडे चाललं. व्हिएतनामचं युद्ध थांबवायचं होतं, पण बोलणी अडली ती टेबलाच्या आकारावर. दक्षिणेतल्या मुक्ती आघाडीला स्वतंत्र पक्ष मानायला अमेरिका आणि सायगावचं सरकार तयार नव्हतं. शेवटी, जानेवारी १९६९ मध्ये, गोल टेबल ठरलं. गोलाला ना डोकं, ना शेपूट.

त्या आघाडीची बाजू मांडायला पॅरिसला आल्या न्गुयेन थी बिन्ह. जग त्यांना मादाम बिन्ह म्हणू लागलं. जन्म १९२७ चा. आई लवकर गेली, धाकट्या भावंडांचं त्यांनी पाहिलं. फ्रेंचांच्या राजवटीविरुद्ध काम केलं म्हणून १९५१ ते १९५३ सायगावच्या तुरुंगात काढली. शाळेत शिकलेली फ्रेंच भाषा मात्र पुढे पॅरिसमध्ये उपयोगी पडली. १९६९ मध्ये त्या हंगामी क्रांतिकारी सरकारच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. आपली दोन मुलं मायदेशी ठेवून त्यांनी देशोदेशी जाऊन आपली बाजू सांगितली.

२७ जानेवारी १९७३ ला करारावर चार पक्षांच्या सह्या झाल्या. सही करणाऱ्या चार मंत्र्यांत बाई एकच, बिन्ह. खरी घासाघीस मात्र अमेरिकेचे किसिंजर आणि हनोईचे ले डुक थो यांच्यात बंद दाराआड झाली होती. नोबेलही त्या दोघांनाच जाहीर झालं. थो यांनी ते नाकारलं. अमेरिकेचं सैन्य परत गेलं, पण लढाई थांबली नाही. ती संपली ३० एप्रिल १९७५ ला.

त्यानंतरचं काम जास्त अवघड होतं. १९७६ मध्ये देश एक झाला आणि बिन्ह शिक्षणमंत्री झाल्या. उत्तरेची शाळा वेगळी, दक्षिणेची वेगळी. इमारती मोडलेल्या, पैसा नाही. सगळं गोड झालं असंही नाही. नव्या राजवटीला घाबरून आणि गरिबीला कंटाळून लाखो माणसं होड्यांतून देश सोडून गेली. हेही त्याच इतिहासात आहे.

१९९२ ते २००२ त्या उपराष्ट्राध्यक्ष होत्या. त्याच काळात, १९९५ मध्ये, व्हिएतनाम आणि अमेरिका यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. पण अमेरिकी विमानांनी जंगलावर फवारलेलं 'एजंट ऑरेंज' हे विष माणसांच्या अंगात राहिलंच होतं. त्याची झळ लागलेल्यांसाठी बिन्ह म्हातारपणीही बोलत राहिल्या.

आम्हाला यातून एवढंच दिसतं : करारावर सही करणं हा एका दिवसाचा मान. त्यानंतर शाळा उघडणं, आजारी माणसाचा हक्क मागणं, कालच्या वैऱ्याशी बोलणं, याला आयुष्य लागतं. म्हणून बायांनो, सभेत जागा मिळाली की तिथेच थांबू नका. ठराव झाल्यावर पुढच्या महिन्यात त्याचं काय झालं, हेही विचारा.