बिघाडावरून घडणीचा शोध

निरोगी मनुष्यास आपलें पोट कसें चालतें याची आठवण सहसा होत नाहीं. तें दुखूं लागलें म्हणजे मात्र ती तत्काळ होते. यंत्राचेंहि असेंच आहे. एखादें चाक अडलें म्हणजेच त्या चाकाचें काम काय होतें हें आपणांस कळतें. या साध्या न्यायावर ज्यांनीं आपलें संशोधन उभारलें, त्या प्रा. ओबैद सिद्दीकी यांच्या कार्याचा परिचय आम्ही येथें करून देत आहों. त्याचा मोठा भाग कुलाब्याच्या समुद्रकांठीं घडला, म्हणून मुंबईकरांस तो परका वाटूं नये.

सिद्दीकी यांचा जन्म १९३२ सालीं बस्ती जिल्ह्यांत झाला. अलीगड येथील शिक्षणानंतर दिल्लीस ते गव्हाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करीत असतां गारपिटीनें त्यांचें प्रयोगाचें पीक झोडपून टाकलें. तेव्हां शेत सोडून ते सूक्ष्म जीवांकडे वळले. ग्लासगो येथें पाँटेकॉर्व्हो यांच्या हाताखालीं एका बुरशीवर काम करून १९६१ मध्यें त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. पुढें अमेरिकेंत ॲलन गॅरेन यांच्यासह जिवाणूंवर प्रयोग करतांना त्यांस असे बिघाड आढळले कीं, ज्यांच्यामुळें प्रथिन घडविण्याचें काम मध्येंच खुंटतें. आणि आश्चर्य हें कीं, दुसऱ्याच एका जनुकांतील बदलानें तें पुन्हां सुरू होतें. जनुकांच्या लिपींत ‘येथें थांबा’ असें सांगणारीं चिन्हें असतात, हें समजण्यास या कामाची मोठी मदत झाली.

१९६२ मध्यें होमी भाभा यांनीं त्यांस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बोलाविलें. पदार्थविज्ञान आणि गणित यांच्या या घरांत जीवशास्त्राचें बिऱ्हाड थाटणें ही गोष्ट सोपी नव्हती. ज्या देशांत अन्नाचीच विवंचना, तेथें जिवाणू आणि माशा यांवर पैसा कां खर्चावा, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणतां येणार नाहीं. त्याचें उत्तर वादानें नव्हे, कामानेंच देणें शक्य होतें.

चाळिशीच्या सुमारास सिद्दीकींनीं पुन्हां वाट बदलली. कॅलिफोर्नियांत सीमोर बेंझर हे फळमाशीच्या वर्तनाचा जनुकांच्या द्वारें शोध घेत होते. त्यांच्याबरोबर त्यांनीं मज्जातंतूंचा अभ्यास आरंभिला. पिकल्या केळ्यांभोंवतीं घोंगावणारी ही माशी क्षुद्र खरी. परंतु तिच्या मेंदूंतहि सुमारें १,४०,००० मज्जापेशी असतात. त्यांनीं निवडलेल्या माशा एरवीं धडधाकट असत; उष्णता वाढतांच लुळ्या पडत आणि ती उतरतांच सावरत. १९७६ मध्यें या दोघांनीं अशा माशांच्या मज्जातंतूंतील दोषांचें वर्णन प्रसिद्ध केलें. असल्या एका जातींतील बिघाड विद्युत्संदेश वाहणाऱ्या सोडियमच्या मार्गाचा आहे, हें पुढें सिद्ध झालें.

मुंबईंत परतल्यावर त्यांनीं चव आणि वास हे विषय हातीं घेतले. केनियांत जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज या डब्लिनचें शिक्षण आटोपून त्यांच्यापाशीं शिकण्यास मुंबईस आल्या. ज्ञानार्थी येथून बाहेर जातात, हा नित्याचा क्रम. येथें तो उलटला. या दोघांनीं १९७८ मध्यें एका भारतीय नियतकालिकांतच आपलें कार्य मांडलें. एखाद्या माशीस एका जातीचा वास मुळींच येत नसे, दुसऱ्या जातीचा मात्र स्पष्ट येई. यावरून निरनिराळ्या गंधांसाठीं निरनिराळ्या वाटा असल्या पाहिजेत, असें अनुमान निघालें. माशीच्या गंधग्राहक प्रथिनांचीं जनुकें प्रत्यक्ष हातीं लागलीं तीं १९९९ मध्यें, म्हणजे एकवीस वर्षांनीं.

एक सावधगिरी येथें सांगितली पाहिजे. तार तुटली कीं दिवा विझतो; पण म्हणून प्रकाश तारेंतच सांठविलेला असतो असें होत नाहीं. एका जनुकाच्या बिघाडानें वास नाहींसा झाला, तरी वास घेणें हें अनेक जनुकांचें व पेशींचें एकत्रित काम आहे. मनुष्याच्या स्वभावाचा प्रत्येक गुण एकेका जनुकाच्या माथीं मारणाऱ्यांनीं हा भेद ध्यानांत ठेवणें बरें.

पुढें बंगळूर येथें नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस ही संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक सिद्दीकीच होते. २०१३ मध्यें त्यांचें निधन झालें. गव्हापासून बुरशीकडे, बुरशीपासून जिवाणूंकडे आणि तेथून माशीकडे असा त्यांचा प्रवास झाला. विषय बदलले, परंतु बिघडलेल्या एका भागावरून साऱ्या घडणीचा छडा लावण्याची रीत बदलली नाहीं. कुलाब्यास विचारला जाण्याजोगा तो प्रश्न, माशांवर पैसा कां खर्चावा, हा आजहि मधून मधून ऐकूं येतो; त्यास देण्याजोगें उत्तर या चरित्रांत आहे, असें आम्हांस वाटतें.