रसायनशास्त्र अध्यापनातील विकिपीडिया संपादन

रसायनशास्त्र अध्यापनातील विकिपीडिया संपादन ही उच्च शिक्षणातील एक अध्यापनपद्धती आहे. या पद्धतीत विद्यार्थी निबंध किंवा प्रकल्प-अहवालाऐवजी विकिपीडियावरील रसायनशास्त्रविषयक लेख लिहितात किंवा सुधारतात. या कामाचे मूल्यमापन अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केले जाते. संदर्भ शोधणे, माहितीची पडताळणी करणे आणि अवघड संकल्पना सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडणे ही तिची प्रमुख उद्दिष्टे मानली जातात.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून असे काम करून घेण्यात आले. त्याचा वृत्तान्त अ‍ॅन मॅकनील, ब्रायन कोपोला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मार्टिन वॉकर आणि ये ली यांनी २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात माहिती-साक्षरतेच्या अंगाने या पद्धतीची चर्चा केली.

कार्यपद्धती

विद्यार्थी प्रथम त्रोटक किंवा सदोष लेख निवडतात आणि पाठ्यपुस्तके, कोश व समीक्षालेख यांच्या आधारे धूळपाटीवर मसुदा तयार करतात. सहाध्यायी व शिक्षकांच्या सूचनांनंतर मजकूर मुख्य लेखात समाविष्ट होतो. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल नोंदला जात असल्याने गटातील प्रत्येकाचे योगदान शिक्षकाला स्वतंत्रपणे तपासता येते.

रसायनशास्त्रात या कामाला विशेष काटेकोरपणा लागतो. माहितीचौकटीतील रेणुसूत्र, द्रवणांक, विद्राव्यता किंवा विषारीपणा यांपैकी एखादी नोंद चुकल्यास ती चूक वर्गापुरती न राहता असंख्य वाचकांपर्यंत पोहोचते. स्वतः प्रयोगशाळेत केलेले निरीक्षण मात्र लेखात देता येत नाही. 'मूळ संशोधन नाही' या धोरणानुसार प्रत्येक विधानाला प्रकाशित आधार आवश्यक असतो.

भारतातील अनुभव

विकिमीडिया फाउंडेशनने २०११ मध्ये पुण्यात कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इत्यादी संस्थांमध्ये शिक्षण कार्यक्रमाचा प्रायोगिक टप्पा राबवला. इंग्लिश विकिपीडियावर झालेल्या या कामात पुस्तके व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरवण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळले आणि तो टप्पा त्याच वर्षी थांबवण्यात आला. विद्यार्थीसंख्या मर्यादित ठेवणे, अनुभवी संपादकांना आधीपासून सहभागी करून घेणे आणि प्रताधिकार व संदर्भलेखन यांचे प्रशिक्षण संपादनापूर्वीच देणे किती गरजेचे आहे, हे या अनुभवातून स्पष्ट झाले.

मराठी परिभाषेचा प्रश्न

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी झाली. मराठीत असे काम करताना भाषांतरापेक्षा परिभाषेचा प्रश्न अधिक कठीण ठरतो. एकाच प्रक्रियेसाठी मराठी विश्वकोशात 'विद्युत् विच्छेदन' तर शालेय पाठ्यपुस्तकांत 'विद्युत अपघटन' अशी संज्ञा आढळते. 'ऑक्सिडीभवन' आणि 'ऑक्सिडीकरण' हे दोन्ही शब्द प्रचारात आहेत. लेखात एक संज्ञा निवडून दुसरीची नोंद करणे आणि पर्यायी शीर्षकाचे पुनर्निर्देशन करणे हा त्यावरील नेहमीचा उपाय आहे.

भंडारा जिल्ह्याचा संदर्भ

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विज्ञान पदवीचे अध्यापन प्रामुख्याने इंग्रजीतून होते, तर अनेक विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले असते. अशा विद्यार्थ्यांना मराठीत लेख लिहिताना इंग्रजीतून शिकलेली संकल्पना आपल्याला खरोखर समजली आहे का, हे तपासावे लागते.

जिल्ह्यात अशा लेखनाला योग्य विषय उपलब्ध आहेत. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मॉइल कंपनीच्या मँगॅनीज खाणी आहेत. डोंगरी बुजुर्ग येथे विद्युत् विच्छेदनाने मँगॅनीज डायऑक्साइड तयार केले जाते. त्याचा उपयोग शुष्क विद्युत घटांत होतो. सर्वसाधारण पद्धतीत धातुकाचे क्षपण करून ते सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात. मिळालेल्या मँगॅनीज सल्फेटच्या शुद्ध केलेल्या उष्ण द्रावणातून विद्युतप्रवाह सोडल्यावर धनाग्रावर मँगॅनीज डायऑक्साइडचा थर जमतो आणि ऋणाग्रावर हायड्रोजन मुक्त होतो. धातू सहसा ऋणाग्रावर जमा होतात; येथे मात्र ऑक्सिडीभवन होत असल्याने उत्पादन धनाग्रावर मिळते. हा फरक नेमक्या शब्दांत समजावणे हा विद्यार्थ्यासाठी चांगला अभ्यास ठरतो. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असल्याने पितळ, म्हणजे तांबे व जस्त यांचे संमिश्र, हाही असाच एक विषय आहे.

मर्यादा

विद्यार्थ्याचा मजकूर इतर संपादक बदलू किंवा वगळू शकतात. त्यामुळे केवळ लेखाच्या अंतिम रूपावर गुण देणे अन्यायकारक ठरू शकते. सत्र संपल्यावर बहुतेक विद्यार्थी संपादन थांबवतात आणि उरलेल्या चुका दुरुस्त करण्याचा भार स्वयंसेवकांवर पडतो. मराठीसारख्या मोजके सक्रिय संपादक असलेल्या विकिपीडियावर हा भार अधिक जाणवतो. यंत्रानुवादित मजकूर न तपासता चढवल्यास परिभाषेतील गोंधळ आणखी वाढतो.

हे सुद्धा पहा

मराठी विकिपीडिया
मराठी विश्वकोश
मँगॅनीज
भंडारा जिल्हा