चंद्रसूर्य असेतोवरची मुदत ठेव

बँकेतला माणूस तीर्थयात्रेला निघतो तो भक्तीमुळे नव्हे, एल. टी. सी.मुळे. ब्लॉक संपत आला की त्याला अचानक परमेश्वर आठवतो, आणि तोही शक्य तितक्या लांबचा. जवळच्या देवाचं भाडं फार थोडं मंजूर होतं. आम्ही तंजावरला निघालो ते असे.

आमचं गाव रसायनी. नावातच कारखाना आहे. शेजारचे काका म्हणाले, "देऊळच बघायचं ना? मग महडचा वरदविनायक काय वाईट आहे? सकाळी जाऊन जेवायला घरी!" त्यांना एल. टी. सी.चे नियम कुठून ठाऊक असणार?

कल्याणला गाडी पकडली. कर्जतला गाडी थांबली, मागून धक्का बसला. घाट चढताना गाडीला मागून ढकलायला इथे जादा इंजिनं जोडतात. रेल्वेची माणसं त्यांना 'बँकर' म्हणतात. हे मी हिला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ही म्हणाली, "बरोबर आहे. ढकलाढकली तुमचीच."

तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ माझ्या ओळखीचं होतं, पण ते नोटेवरून. आमच्या शाखेतले निवृत्त हेडकॅशियर सांगायचे, १९५४ साली निघालेल्या हजाराच्या नोटेवर हेच देऊळ होतं. जानेवारी १९७८मध्ये ती नोट रद्द झाली. नोट गेली, पण देऊळ १०१० सालापासून जागेवर आहे. राजराज चोळानं बांधलेलं, शिखर २०० फुटांहून उंच. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं गाइडनं आम्हाला सांगितलं, आणि ते ऐकायला आम्ही सगळे त्याच सावलीत उभे होतो.

लोक शिखराकडे बघत होते. मी बघत होतो खाली, जोत्याकडे. तिथे दगडावर ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. मला तमिळ येत नाही, पण हुल्ट्झ नावाच्या जर्मन पंडितानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यातल्या लेखांचं इंग्रजी करायला घेतलं, त्यातली काही पानं मी निघण्यापूर्वी वाचली होती. मला वाटलं होतं, स्तोत्रं असतील. निघालं लेजर!

राजा सांगतो की आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरून ठेवा. शब्दसुद्धा 'अक्कन'च आहे, म्हणजे आपली अक्का. सोन्याचे दागिने वजनासकट लिहिलेत, वर ते कोणत्या वजनानं तोलले, त्या वजनाचं नावही दिलंय. ठिकठिकाणच्या देवळांतून सुमारे ४०० नर्तकी आणून वसवल्या, तर प्रत्येकीचं नाव, मूळ देऊळ, कोणत्या आळीत कितवं घर, सगळं आहे. आमच्याकडे पत्त्याचा पुरावा मागितला की गिऱ्हाईक भांडायला उठतं. इथे तो हजार वर्षं भिंतीवर लावलाय.

पुढे तर मी हात जोडले. देवाच्या नावानं ठेवलेले पैसे गावांच्या सभांना दिलेत आणि व्याज दर काशामागे वर्षाला एक अष्टमांश काशू. म्हणजे साडेबारा टक्के! मुदत? चंद्रसूर्य असेतोवर. नूतनीकरणाचा फॉर्म नाही, की मुदतीपूर्वी मोडायची सोय नाही. अखंड दिव्यासाठी धनगराच्या हवाली ९६ मेंढ्या करायच्या, त्यानं रोज ठरलेलं तूप घालायचं. आणि या मेंढ्या 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या'. म्हणजे एक मेली तर कळपातलीच दुसरी तिच्या जागी, कागदावर मुद्दल कायम. बुडीत कर्ज लपवायची कला आमच्याच पिढीनं काढली असं मला उगाच वाटत होतं.

"अहो, देवळात आलो तरी व्याजच?" ही म्हणाली. "चला, तिकडे आपल्या भाषेत काहीतरी लिहिलंय."

खरंच होतं. आवाराच्या भिंतीवर देवनागरी अक्षरं, चक्क मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे १६७६च्या सुमारास इथे गादीवर बसले, आणि भोसल्यांचं राज्य पुढे १८५५पर्यंत टिकलं. त्या घराण्याची हकिगत दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३मध्ये इथे कोरवून घेतली. भिंत सरते, पण लेख सरत नाही.

हिनं एकेक अक्षर लावत 'भोसले' शोधून काढलं आणि घरचं माणूस भेटल्यासारखी हसली. माझ्या डोक्यात मात्र तारखांची वजाबाकी चालली होती. १७९९च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, आणि लेख १८०३चा. म्हणजे वसूल गेला, फौज गेली आणि चार वर्षांनी राजानं काय केलं, तर लिहून ठेवलं. राजराजानं भरल्या तिजोरीचा हिशेब लिहिला, सरफोजींनी रिकाम्या होत चाललेल्या तिजोरीचा. शिल्लक काढायला धैर्य लागतं ते दुसऱ्या वेळी.

मी नोकरीला लागलो तेव्हा लेजरं हातानं लिहायचो. माझं अक्षर चांगलं होतं. कंप्युटर आले आणि ती लेजरं एके दिवशी टेम्पोत भरून गेली. तेव्हा मी हसलो होतो, वजन किती भरलं म्हणून. त्या भिंतीपुढे हसू येईना. दगडावरच्या त्या कारकुनाचं नाव मला ठाऊक नाही, त्यालाही माझं नसणार. पण तो माझ्याच खात्यातला.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी एक आजी पासबुक घेऊन आल्या. प्रिंटर बंद. अशा वेळी "उद्या या" म्हणायचं, ही आमची जुनी परंपरा. मी पेन काढलं, शिल्लक नीट अक्षरात चिठ्ठीवर लिहून दिली.

आजींनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "हे टिकेल ना रे?"

"शाई चांगली आहे, आजी," मी म्हणालो. चंद्रसूर्याचं काही बोललो नाही. तेवढे अधिकार मॅनेजरांना असतात.