पंचाहत्तर रुपये पगार आणि एक न लिहिलेलं कलम

मंडळी, या वीकएंडचा विषय जरा रुक्ष आहे: संस्थेची घटना आणि नियमावली. पण लगेच पळू नका. याच रुक्ष कागदापायी महाराष्ट्रातली एक जबरदस्त मैत्री तुटली होती.

टिळक-आगरकर म्हटलं की आपल्याला शाळेपासून एकच उत्तर पाठ आहे, 'आधी राजकीय की आधी सामाजिक'. तो वाद होताच, खोटं नाही. पण टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, त्या राजीनाम्यात भर होता तो पगार, बाहेरची कमाई आणि बाहेर जाणारा वेळ यांवर. आजच्या भाषेत एचआर पॉलिसी!

सुरुवातीपासून बघू. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. लवकरच वामन शिवराम आपटे आणि आगरकर येऊन मिळाले. सगळा कारभार शब्दावर, अगदी गॅरेजमधल्या स्टार्टअपसारखा. १८८२ मध्ये चिपळूणकर वारले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढून आले. एवढी घट्ट दोस्ती.

मग काम वाढलं. कॉलेज काढायचं तर लोकांकडून पैसा हवा, आणि लोक पैसा देतात तेव्हा हिशेब कोण देणार हे विचारतात. म्हणून २४ ऑक्टोबर १८८४ ला सोसायटी स्थापन झाली. जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं आणि त्याच वर्षी १८६० च्या कायद्याखाली सोसायटीची नोंदणी झाली. रचना आजही शिकण्यासारखी आहे. वरच्या कौन्सिलमध्ये बाहेरची मान्यवर मंडळी, आणि रोजचा कारभार मात्र शिकवणाऱ्या आजीव सदस्यांच्या हातात. आजीव सदस्याने वीस वर्षं द्यायची. गोखल्यांसारखा माणूस इथे महिना ७५ रुपयांवर राबला.

आता गंमत बघा. वीस वर्षं द्यायची, कबूल. पण नेमकं काय द्यायचं? शाळेचे तास, की सगळा दिवस? दुपारी शिकवून रात्री कोणी पुस्तक लिहिलं, तर त्याचे पैसे कुणाचे? टिळकांचं म्हणणं, आजीव सदस्याने जेझुइट पाद्र्यासारखं राहावं. सगळा वेळ संस्थेचा, बाहेरून मिळेल तेही संस्थेच्या तिजोरीत. आगरकर आणि इतर म्हणत, ७५ रुपयांत संसार कसा चालायचा? नेमून दिलेलं काम चोख केलं म्हणजे झालं. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या हो, दोघांचं स्पेसिफिकेशन वेगळं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपलाच अर्थ पहिल्या दिवशी ठरला होता!

पगारवाढीवरून खटके उडाले. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि प्रश्न पुन्हा पेटला. बहुमत टिळकांच्या बाजूने नव्हतं. १४ ऑक्टोबर १८९० ला त्यांनी राजीनामा दिला आणि १५ डिसेंबरला त्याची कारणं सांगणारं भलंमोठं पत्र लिहिलं. दहा वर्षं रक्त आटवून उभं केलेलं काम सोडताना त्या माणसाला काय वाटलं असेल!

पण संस्था मोडली का? नाही. शाळा, कॉलेज दोन्ही चालू राहिली. १८९२ मध्ये आपटे गेले, आगरकर प्राचार्य झाले, १८९५ मध्ये तेही गेले. फर्ग्युसन आजही उभं आहे. कौन्सिल होतं, मतदान होतं, राजीनाम्याची वाट होती, म्हणून हरलेल्याला संस्था जाळावी लागली नाही. जे कलम लिहिलं नव्हतं त्याने मैत्री घेतली, आणि जी लिहिली होती त्यांनी संस्था वाचवली. मला तरी या सगळ्याचा अर्थ असाच लागतो.

गोखले हे सगळं जवळून बघत होते. त्यांनी १२ जून १९०५ ला सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली, तेव्हा सदस्याच्या प्रतिज्ञेतच घातलं की स्वतःसाठी पैसा कमवायचा नाही. संदिग्धतेला जागाच नाही! आपल्या नागपूरचा 'हितवाद' १९११ मध्ये याच सोसायटीच्या छत्राखाली निघाला. १९१५ मध्ये गोखले वारले. गांधींना सदस्य करावं की नाही यावर एकमत होईना, तेव्हा गांधींनी अर्ज मागे घेतला. अध्यक्षपदी श्रीनिवास शास्त्री आले आणि काम चालू राहिलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या नंदनवनात काही मित्र अभ्यासिकेसाठी संस्था काढताहेत. उद्देशांवर तीन रविवार चर्चा झाली, आणि नियमावली म्हणजे झेरॉक्सवाल्याकडचा छापील नमुना, फक्त नाव बदललेलं. सात सह्या हव्यात म्हणून कुणाची बायको, कुणाचा मेहुणा. आपण प्रोग्राम लिहिताना सगळं सुरळीत चाललं तर काय होईल एवढंच लिहून थांबतो का? एरर आली तर काय, हे आधी लिहितो. मग इथे का नाही? मानधन कुणाला, किती? सदस्याच्याच भावाची जागा भाड्याने घ्यायची तर मत कोण देणार? अध्यक्ष किती वर्षं? बैठकीला न येणाऱ्याचं काय? कार्यकारिणी बदलली तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज कोण भरणार? हे प्रश्न सगळे एकमेकांशी हसून बोलताहेत तोवरच सुटतात. नंतर वकील सोडवतात :)

१८६० च्या त्या कायद्यात एक छान कलम आहे, चौदावं. संस्था बंद पडली तर उरलेला पैसा सभासदांनी वाटून घ्यायचा नाही, दुसऱ्या संस्थेला द्यायचा. म्हणजे शेवट कसा करायचा हे कायद्यानेच लिहून ठेवलंय. मधल्या भांडणांचं मात्र आपल्यालाच लिहावं लागतं. तुम्ही एखाद्या संस्थेत असाल तर या रविवारी तिची नियमावली काढून वाचा. उद्देशांचं पान सोडून पुढची पानं.